एकसष्ट हजार ढग

हेमांगी लांजेवारने एकसष्ट हजार ढग पुसले ते एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. काम अकरा मिनिटांचं, त्यातली चार मिनिटं तर संगणक सुरू व्हायलाच गेली. पुसून झाल्यावर तिने डबा उघडला, भेंडीची भाजी खाल्ली आणि ती गोष्ट विसरूनही गेली. विसरणारच. डेटा साफ करणं म्हणजे तिच्या धंद्यातलं भांडी घासणं, आणि घासलेली भांडी कोण लक्षात ठेवतं?

ढग म्हणजे नोंदी. मध्यगगन केंद्रातल्या हवाई नियंत्रकांनी बावीस वर्षांत केलेल्या. वर्ध्याच्या अलीकडे एका माळावर हे केंद्र उभं आहे, आणि देशाच्या पोटावरून आडवी-उभी जाणारी झाडून सगळी विमानं त्याच्या डोक्यावर एकमेकांना ओलांडतात. एखादी उंची वापरात न आणता मोकळी सोडली, की नियंत्रकाला कारण नोंदवावं लागे. एकसष्ट हजार वेळा कारण लिहिलेलं होतं, 'उंच ढग'. हेमांगीने त्या नोंदी उपग्रहाच्या चित्रांशी ताडून पाहिल्या, तर आभाळ लख्ख! एप्रिलच्या रणरणत्या दुपारी विदर्भात ढग औषधालाही सापडत नाही, आणि ही मंडळी पस्तीस हजार फुटांवर ढग बघत बसली होती. साफ चुकीच्या नोंदी, असं म्हणून तिने त्या उडवल्या. त्यातल्या साडेतीन हजार तिच्या सख्ख्या बहिणीच्या होत्या. ते तिला कळायला मार्ग नव्हता, कारण नियंत्रकांची नावं आधीच झाकलेली होती.

आता हा खटाटोप कशासाठी, तेही सांगायला हवं. विमानं वाढली आणि आभाळ भरलं, असं लोक म्हणायचे, आणि हेमांगीचं डोकं फिरायचं. अहो, आभाळ केवढं आणि विमान केवढं! भरली होती ती माणसांची डोकी. आभाळाचे तुकडे पाडलेले, एका तुकड्याला एक नियंत्रक, आणि कितीही तल्लख माणूस बसवला तरी पंधरा-सोळा विमानांपलीकडे त्याच्या डोक्यात मावत नाही. सतरावं आलं की ते बाहेरच्या बाहेर घिरट्या घालत थांबणार. यावर उपाय म्हणून हेमांगीने बारा वर्षं खपून 'ओघ' उभा केला होता.

ओघात तुकडेच नाहीत. प्रत्येक विमान आपला पुढच्या चाळीस मिनिटांचा मार्ग सांगतं, किती वाजता कुठे आणि किती उंचीवर. हा मार्ग रबरी नळीसारखा असतो. ताणता येतो, वाकवता येतो. दोन नळ्या पुढे कुठेतरी भिडणार असं दिसलं की दोन्ही आत्ताच जराजरा सरकतात, त्यांच्यामुळे शेजारच्या आणखी थोड्या, आणि दर चार सेकंदांनी सगळं गणित नव्याने मांडलं जातं. रविवारी सीताबर्डीच्या बाजारात हजारो माणसं एकमेकांना न धडकता चालतातच की. तिथे कोण शिट्टी वाजवतं? मात्र कुणी कधी सरकायचं, किती सरकायचं, याची रीत ओघ माणसांकडूनच शिकला होता. बावीस वर्षांच्या नोंदी त्याने गिळल्या होत्या. पुसलेल्या सोडून.

खऱ्या विमानांवर ओघची चाचणी होती, त्या दिवशी दोघी बहिणी एकाच गाडीतून निघाल्या. हेमांगी पुण्याहून येऊन महिनाभर कुमुदताईकडेच राहिली होती. कुमुदताई तिच्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर हिच्या वेण्या घालण्यापासून हिला इंजिनिअरिंगला पाठवण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. मध्यगगनमध्ये रडारच्या खुर्चीत चोवीस वर्षं झाली होती तिला.

"आज म्हणे हात बांधून बसायचं," गाडी चालवता चालवता कुमुदताई म्हणाली.

"चारच तास, ताई."

"चार तास काय करू मी? स्वेटर विणू?"

"विण ना. माझा जुना झालाय."

"भैताड! मार्च महिन्यात स्वेटर मागते."

दोघी हसल्या. पण चाचणी पास झाली तर नोव्हेंबरपासून ओघ सुरू होणार आणि ताईची खुर्ची जाणार, हे दोघींनाही माहीत होतं. त्यावर कुमुदताई वर्षभरात एकदाच बोलली होती. "खुर्ची गेली तर जाऊ दे. पण तुझं यंत्र मला आधी नीट बघू दे."

बाराला चाचणी सुरू झाली. अठरा खुर्च्यांवर अठरा नियंत्रक, आणि सगळ्यांचे हात मांडीवर. माणसाने एकदा जरी मध्ये हात घातला तरी चाचणी बाद, असा नियम होता. केंद्राचे संचालक टेंभरे साहेब दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्यांना घेऊन मागे उभे होते.

आणि ओघ काय चालला म्हणता! दीड वाजता दुपारची गर्दी लोटली. एरवी या वेळेला चाळीसेक विमानं बाहेर तिष्ठत असायची. आज तीनशे तीस विमानं आत आली आणि एकालाही थांबावं लागलं नाही. पडद्यावर विमानांच्या मार्गांच्या हिरव्या रेघा अलगद वाकत होत्या, एकमेकींना वाट देत होत्या. एक अधिकारी हातातला चहा प्यायचाच विसरला. तीन वाजता हेमांगीला चक्क भूक लागली.

तीन वाजून दहा मिनिटांनी कुमुदताईने पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "हेमे, पाट कुठाय गं?"

"कसला पाट?"

"पाहुण्याचा." हेमांगीचा चेहरा कोरा पाहून तिने आवाज खाली आणला. "पस्तीस हजार बघ, भरलंय. चौतीस भरलंय. छत्तीस भरलंय. सगळं गच्च. अशा गर्दीत आम्ही एक उंची मोकळी सोडतो. कोणाचं इंजिन दगा देईल, कोण कुठे अडेल, सांगता येत नाही. टेकायला एक जागा हवी की नाही? ती कुठे ठेवायची हे रोज वेगळं असतं. वारा बघायचा, गर्दी बघायची आणि ठरवायचं. पाळी बदलताना पुढच्या माणसाच्या कानात सांगायचं, आज पाट अमक्या उंचीवर मांडलाय."

"हे कुठल्या नियमात आहे?"

"नियमात कशाला असेल? मला भांगे सरांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सरांनी."

"एका रिकाम्या उंचीने काय होतं पण?"

"लहानपणी तुला एक खेळणं आणलं होतं, आठवतं? पंधरा आकडे सरकवायचे आणि एक घर रिकामं. ते रिकामं घर तुला बघवेना म्हणून तू त्यात खोडरबराचा तुकडा कोंबलास. मग एक आकडा हलेना, आणि तू भोकाड पसरलंस."

हेमांगीला आठवलं, आणि त्याबरोबर आणखीही एक गोष्ट आठवली.

"ताई, उंची मोकळी सोडली की कारण लिहावं लागतं ना? तुम्ही काय लिहायचात?"

कुमुदताई कधी नव्हे ती ओशाळली. "पडद्यावर सात कारणांची यादी यायची. त्यातलंच एक निवडावं लागे. 'असू दे एक' असं कारण काही त्यात नव्हतं. मग सगळेच चौथं निवडायचे."

"चौथं कोणतं?"

"उंच ढग."

"अगं बाई!" हेमांगी म्हणाली. "ते सगळे मी पुसले, ताई. चुकीचे म्हणून. बावीस वर्षं तुम्ही खोटं लिहीत होतात?"

"आणि तू काऊन पुसलंस? बहीण इथे बसलीये, एक फोन करता येत नव्हता?"

दोघींचंही खरं होतं, आणि भांडायला वेळ नव्हता. हेमांगीने बाजूच्या संगणकावर त्या क्षणाचं आभाळ जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि सदतीस हजारांवरच्या एका विमानाचं एक इंजिन बंद पाडलं. खोटं खोटं, अर्थात. एका इंजिनावर विमान उडत राहतं, पण उंची सोडत खाली येतं, आणि खालच्यांना बाजूला व्हावं लागतं. बाजूला व्हायला बाजूच नसेल तर प्रत्येक जण शेजाऱ्याला ढकलतो, तो त्याच्या शेजाऱ्याला. तिने वेगवेगळी विमानं निवडून हा प्रयोग दोनशे वेळा चालवला. एकशे सत्त्याण्णव वेळा ओघने सगळं निभावलं. तीन वेळा दोन विमानं एकमेकांच्या इतकी जवळ आली, की टक्कर थोडक्यात हुकली.

ती टेंभरे साहेबांकडे गेली. "साहेब, चाचणी थांबवावी लागेल."

"काय बिघडलं?"

"अजून काही नाही." तिने त्यांना दोनशेतले तीन सांगितले.

साहेब मुळात शांत माणूस. "इंजिन बंद पडणं इथे किती वेळा होतं?"

"वर्षातून एखादवेळी."

"चाळीस मिनिटं राहिलीत, लांजेवार मॅडम. चार वाजू द्या. पास झालात की सावकाश दुरुस्त करा. आज बाद झाली तर ऑक्टोबरआधी दुसरी तारीख मिळणार नाही, आणि मिळेलच असंही नाही."

हे बोलणं अगदी शहाणपणाचं होतं. हेमांगीलाही ते पटलं, निदान अर्धा मिनिट तरी. बारा वर्षं! त्या बारा वर्षांत तिने लग्नाचं एक स्थळ घालवलं होतं, दोन नोकऱ्या नाकारल्या होत्या. आणि चाळीस मिनिटं म्हणजे काय, एक झोप होते तेवढ्यात. पण वर तीनशे तीस विमानांत माणसं बसली होती, आणि त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. आभाळ इतकं गच्च असताना काही झालं असतं, तर खालच्या अठराही जणांच्या डोक्यात ते मावलं नसतं.

तिने चाचणी थांबवायचा आदेश दिला. यंत्राने विचारलं, कारण? आणि पडद्यावर एक यादी आली. यादी तिनेच केलेली: वीज, हवामान, दळणवळण, मॉडेलमधली चूक. बस. 'इतर' असा पर्यायच तिने ठेवलेला नव्हता. 'इतर' ठेवलं की लोक तेच निवडतात आणि डेटा घाण होतो, असं तीच सगळ्यांना सांगायची. तिचं बोट 'हवामान'वर जाऊन थांबलं. हवामानावर कुणाचाच दोष येत नाही. तेव्हा कुठे तिला ती साडेतीन हजार वेळा ढग लिहिणारी बाई नीट कळली. तिने बोट खाली सरकवलं आणि 'मॉडेलमधली चूक' दाबलं. खाली तिचं नाव आपोआप उमटलं.

ओघने दहा मिनिटांत विमानं विरळ केली आणि एकेक करून अठरा खुर्च्यांच्या हवाली केली. त्या दिवशी कुठल्याही विमानाचं इंजिन बंद पडलं नाही. सगळी सुखरूप उतरली, आणि हेमांगीने चाचणी उगाच घालवली असं म्हणणाऱ्यांची छान सोय झाली.

पुढचे पंधरा दिवस ती आकड्यांशी झुंजली. पस्तीस हजार कायमचं मोकळं ठेवून पाहिलं. त्याने धोका कमी झाला, पण पाट एकाच जागी खिळलेला. गर्दी एकीकडे आणि तो दुसरीकडे. नियंत्रक पाट कधी, कुठे आणि का मांडायचे, हे फक्त त्या एकसष्ट हजार नोंदींत होतं. त्या परत घ्यायच्या, तर त्या ढगांच्या नव्हेत हे सिद्ध करावं लागणार होतं. टेंभरे साहेबांनी हात वर केले. "खात्याला कानातलं चालत नाही, मॅडम. कागद लागतो. कुणीतरी सही करून द्यायला हवं."

रविवारी सकाळी कुमुदताई सांबारवडीसाठी कोथिंबीर निवडत बसली होती. हेमांगी समोर जाऊन बसली आणि तीही काड्या खुडू लागली.

"बोल आता. दोन दिवस मांजरासारखी मागे मागे फिरतेस."

हेमांगीने सांगितलं. ऐकताना कुमुदताईचे हात थांबले.

"चोवीस वर्षं," ती म्हणाली. "चोवीस वर्षांत माझ्या पाळीत एक विमान दुसऱ्याच्या जवळ गेलं नाही, हेमे. आणि जाताना माझ्या नावापुढे काय लागणार? खोट्या नोंदी करणारी. वाईट वाटतं गं. तुला नाही कळायचं, पण खूप वाईट वाटतं."

"मी मागायला नको होतं. मला कळतं."

"नाही दिली सही तर?"

"तर ओघ तसाच येईल, पस्तीस हजार मोकळं ठेवून. बरा चालेल. पण तुझ्याइतका चांगला नाही."

"म्हणजे माझी खुर्ची नेणारं यंत्र माझ्याइतकं चांगलं व्हावं, म्हणून मीच माझ्या तोंडाला काळं फासून घ्यायचं?"

"हाव, तसंच," हेमांगी म्हणाली. दुसरं उत्तरच नव्हतं.

कुमुदताईला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "लहानपणी एवढी धीट असतीस तर रात्री न्हाणीघरात जायला मला सोबत न्यायला लागलं नसतं तुला. आण कागद."

तिने चारच ओळी लिहिल्या. ढग नव्हते, मोकळी जागा मुद्दाम ठेवली होती, कारण यादीत खरं कारण नव्हतं, आणि हे मी जाणूनबुजून केलं. खाली पूर्ण नाव, कुमुद भाऊराव लांजेवार.

सोमवारी टेंभरे साहेबांनी तो कागद उभ्यानेच वाचला. साहेब स्वतः तरुणपणी सात वर्षं रडारवर बसले होते. पाट त्यांना ठाऊक नव्हता असं कुणी म्हणू नये. पण खुर्ची बदलली की जीभही बदलते. "उद्यापासून तुम्हाला रडारवर बसता येणार नाही," कागदाकडे बघत ते म्हणाले. "चौकशी होईल."

"हो साहेब."

परतताना गाडीत कुमुदताई ढसाढसा रडली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून. हेमांगीने तिला रडू दिलं. मग उतरून पलीकडच्या बाजूला गेली, तिला सरकायला लावलं आणि घरापर्यंत गाडी स्वतः चालवली.

शुक्रवारपर्यंत त्या कागदाखाली आणखी एक्केचाळीस सह्या झाल्या. केंद्रात नियंत्रक होते शेहेचाळीस. चौकशी झाली, सगळ्यांना समज दिली गेली, आणि कुमुदताईच्या सेवापुस्तकात ठपका आला, कारण पहिली सही तिची. ढग परत आले, या खेपेला आपल्या खऱ्या नावाने. ओघ पुन्हा शाळेत बसला. तीन महिन्यांनी हेमांगीने तोच इंजिनाचा प्रयोग दोन हजार वेळा चालवला, आणि एकदाही कुणी कुणाच्या जवळ गेलं नाही. तिला वाटलं होतं जागा मोकळी ठेवल्याने विमानांना उशीर होईल. उलट उशीर कमी झाला! एक जागा मोकळी असल्यावर बाकीच्यांना एकमेकांना ढकलावंच लागत नव्हतं. हे तिने गणिताने सिद्ध केलं, आणि तिला स्वतःचा भलताच अभिमान वाटला.

ऑक्टोबरची चाचणी चार वाजता, ठरल्या मिनिटाला संपली. पास! टाळ्या वाजल्या, पेढे आले. कुमुदताईला नियंत्रण कक्षात यायला मनाई होती. ती खाली कॅन्टीनमध्ये बसली होती. हेमांगीने तिथे फोन लावला.

"झालं?"

"झालं, ताई."

"आज पाट कुठे मांडला होता?"

"चौतीसवर. मग तीन वाजता छत्तीसवर हलवला."

"पश्चिमेचा वारा वाढला असेल," कुमुदताई म्हणाली. "मी पण छत्तीसवरच नेला असता."

ओघ आता देशातल्या बाकीच्या केंद्रांतही जायचा होता. हेमांगीने सगळीकडे रीतसर पत्रं पाठवली, की तुमच्या नोंदींमागे काही अलिखित पद्धती असल्यास कृपया कळवाव्यात. सगळीकडून एकसारखं उत्तर आलं, आमच्या सर्व नोंदी अचूक आहेत. तिने ती उत्तरं ताईला वाचून दाखवली आणि म्हणाली, "घे, सगळे हरिश्चंद्र." पण ठपका बसलेली एक बाई मध्य भारतात आहे, तिने सगळं लिहून दिलं आणि ती अजून ताठ मानेने चालते, ही बातमी पत्रांच्या आधीच सगळीकडे पोचली होती.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी, कुमुदताईचा फोन वाजला. नंबर अनोळखी. दक्षिणेतल्या एका केंद्रातला कुणी वयस्क नियंत्रक होता. मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होता, आणि तेही चाचरत. कुमुदताईने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुम्ही त्या ढगवाल्या ना?"

"हो. बोला."

"आमच्याकडे..." तो अडखळला. "आमच्याकडे आम्ही पक्षी लिहितो."

"पक्षी?" कुमुदताईने हेमांगीकडे पाहिलं. "किती उंचीवर?"

"तेहतीस हजार फूट."

हेमांगीने तोंडावर हात दाबून धरला. कुमुदताईच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तिने हेमांगीला खुणेने कागद-पेन मागितलं, चष्मा नाकावर चढवला, आणि चोवीस वर्षं ज्या स्वरात तिने आभाळातल्या घाबरलेल्या माणसांना खाली आणलं होतं, त्या स्वरात म्हणाली,

"अजिबात घाबरू नका, भाऊ. नाव तुमचं मी लिहीत नाही, ते तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्हीच लिहा. आता सावकाश सांगा, पहिला पक्षी कुठे बसवता?"